पडद्याची उघडझाप वाचणारं घड्याळ

दिवाळीत फुलबाजी हातात धरून गरगर फिरवली की अंधारात तेजाचं एक अख्खं कडं दिसतं. खरं तर तिथे कडं वगैरे काही नसतं, एक ठिणगी असते आणि ती फिरत असते. संस्कृतात याला फार छान शब्द आहे, अलातचक्र. अलात म्हणजे कोलीत. ठिणगी पुढे सरकली तरी डोळ्याला ती मागच्या जागी अजून दिसतच असते, म्हणून कोलिताचं चक्र होतं.

१९९४ साली टायमेक्स आणि मायक्रोसॉफ्ट या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून एक मनगटी घड्याळ काढलं. त्याचं नाव डेटालिंक, आणि त्याचा सगळा खेळ डोळ्याच्या या मंदपणावर उभा होता. कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेले फोन नंबर, भेटीच्या वेळा, वाढदिवस, कामांची यादी असं सगळं त्या घड्याळात उतरवता यायचं. त्यासाठी वायर लागत नसे, ब्लूटूथ तर तेव्हा बाजारात आलंही नव्हतं. घड्याळ मॉनिटरसमोर धरायचं, पडद्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या फडफडायच्या, घड्याळ बीप बीप करायचं आणि थोड्या वेळात सगळी यादी मनगटावर.

हे कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे क्यूआर कोडसारखंच की!" तसं नाही. क्यूआर कोड वाचायला कॅमेरा लागतो, आणि कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे लाखो ठिपके असतात. कुठला चौकोन काळा, कुठला पांढरा हे त्यामुळे एका झटक्यात कळतं. डेटालिंकमध्ये कॅमेरा नव्हता. तबकडीच्या वरच्या अंगाला एक इवलंसं भिंग आणि त्याच्यामागे प्रकाश ओळखणारा एकच संवेदक. त्याला चित्र दिसतच नाही. डोळे घट्ट मिटून उन्हात उभं राहिलं की समोरून कुणी गेल्याचं सावलीवरून कळतं, तेवढीच त्याची दृष्टी. उजेड वाढला, उजेड कमी झाला, बस्स. मग पडद्यावर एकाखाली एक आखलेल्या पट्ट्या त्याने वेगवेगळ्या ओळखल्या कशा?

त्यासाठी जुन्या डबा मॉनिटरच्या पोटात शिरावं लागतं.

ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या दाराबाहेर चपला काढून आत पाऊल टाकलंय, त्यांना तो मॉनिटर आठवत असेल. पुढे फुगीर काच, मागे हातभर लांब कुबड, आणि वर धूळ बसू नये म्हणून कापडी झबलं. त्या कुबडात काचेची निर्वात नळी असते, म्हणून त्याला सीआरटी म्हणजे कॅथोड रे ट्यूब म्हणतात. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत निघतो आणि पुढच्या काचेवर आतून आदळतो. काचेला फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. झोत जिथे आदळेल तिथला लेप क्षणभर उजळतो आणि लगेच विझू लागतो. रंगीत मॉनिटरमध्ये लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांसाठी असे तीन झोत बरोबरीने फिरतात, पण आपल्या कामापुरता एकच धरला तरी चालेल.

हा झोत वहीत ओळी लिहाव्यात तसा चालतो. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग झटकन परत डावीकडे, खालची ओळ, पुन्हा डावीकडे. तळाशी पोचला की उडी मारून पुन्हा वर. त्या काळच्या साध्या व्हीजीए मॉनिटरवर ४८० ओळी दिसायच्या आणि हे सगळं पान सेकंदाला ६० वेळा नव्याने लिहिलं जायचं. वर परतण्यात जाणारा वेळ धरला तर एकेका ओळीच्या वाट्याला साधारण ३२ मायक्रोसेकंद येतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

म्हणजे अगदी काटेकोरपणे बोलायचं तर सीआरटीवर कुठल्याही एका क्षणी चित्र नसतंच. एक लखलखता ठिपका आणि त्याच्यामागे मंद होत जाणारं शेपूट, एवढंच असतं. बाकीचं चित्र आपण आपल्या डोळ्यात तयार करतो. पुन्हा अलातचक्र. जुना टीव्ही चालू असताना कुणी त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं, तर त्यात काळे पट्टे सरकताना दिसतात ते याचमुळे. कॅमेरा डोळ्याइतका भोळा नाही.

आता घड्याळाचा तो एकुलता संवेदक अशा पडद्यासमोर ठेवा. त्याला पडदाभरचा एकूण उजेड तेवढा कळतो. पण पडद्यावर कुठल्याही क्षणी उजेड देणारी जागा मुळात एकच आहे. झोत पांढऱ्या पट्टीवरून जात असेल तोवर उजेड, काळ्या जागेवरून जात असेल तोवर अंधार. आपल्याला ज्या पट्ट्या एकाखाली एक अशा मांडलेल्या दिसतात, त्या संवेदकाला एकामागून एक येणाऱ्या उघडझापीसारख्या ऐकू येतात. ऐकू येतात असंच म्हणावंसं वाटतं, कारण हे बघण्यापेक्षा टेलिग्राफच्या कट्ट-कडकट्टच्या जास्त जवळचं आहे. पडद्यावरची उंची घड्याळाच्या लेखी वेळ होते. वरची पट्टी म्हणजे आधी, खालची म्हणजे नंतर. मला या घड्याळाचं कौतुक आहे ते याचसाठी. चित्र उलगडून त्याची एका रांगेतली माळ करायचं काम मॉनिटर तसाही दिवसभर करतच होता. टायमेक्सने ते फुकटात वापरून घेतलं.

पट्ट्या आडव्याच का, हेही यावरून कळतं. समजा पट्टी दहा ओळींची जाड आहे. झोत त्या दहाही ओळी भरेपर्यंत संवेदकाला जवळजवळ ३२० मायक्रोसेकंद उजेड दिसतो. मधेमधे झोत डावीकडे परततो तेव्हा किंचित खंड पडतो, पण सर्किटला तेवढं सांभाळून घेता येतं. हेच पट्ट्या उभ्या आखल्या असत्या, तर झोताला प्रत्येक ओळीत सगळ्या पट्ट्या ओलांडाव्या लागल्या असत्या आणि उघडझाप शेकडो पटींनी वेगवान झाली असती. छोट्या बटण-सेलवर वर्षानुवर्षं चालायच्या घड्याळाला ते झेपलं नसतं.

पुढचा भाग सोपा आहे. कॉम्प्युटरमधलं प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बिट, आठ हो-नाहींची ओळ. एकेका बिटासाठी पडद्यावर ठरलेली जागा. तिथे पट्टी आहे की नाही, यावरून शून्य की एक ते ठरतं. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला 'आता अक्षर येतंय' असं सांगणारी एक खुणेची पट्टी. झोताने पडदा एकदा वरून खाली झाडला की काही अक्षरं गेली, पुढच्या फेरीला पुढची. गणितापुरतं एका फेरीत दोन अक्षरं धरू. सेकंदाला ६० फेऱ्या म्हणजे १२० अक्षरं. पन्नास माणसांची नावं आणि नंबर मिळून दीड-दोन हजार अक्षरं होतील, म्हणजे बारा ते सतरा सेकंदांचं काम. आजच्या हिशेबात हे हास्यास्पद आहे, पण पन्नास फोन नंबरांसाठी याहून घाई कुणाला असते?

सुरुवातीला मात्र काही वेळ माहिती जातच नाही. पट्टी, मोकळी जागा, पट्टी, मोकळी जागा असा नुसता ठेका चालतो. भजनात मृदंगवाला आधी लय पक्की करून घेतो, तसं. घड्याळ त्या ठेक्यावरून मॉनिटरची चाल ओळखतं आणि मग मजकूर सुरू होतो. मजकुराच्या तुकड्याबरोबर एक ताळ्याचा आकडाही येतो. आलेल्या अक्षरांवरून घड्याळ स्वतः तो आकडा काढून बघतं. जुळला तर ठीक, नाही जुळला तर मधे कुठेतरी गडबड झाली. पण हे ते कॉम्प्युटरला सांगू शकत नाही, कारण ही वाट एकेरी आहे. मॉनिटरला डोळे नसतात. मग घड्याळ मालकालाच चूक झाल्याचं कळवतं आणि मालक पहिल्यापासून पुन्हा पाठवतो. घड्याळातल्या नोंदी परत कॉम्प्युटरवर नेण्याचीही सोय नव्हती.

आज हा सगळा द्राविडी प्राणायाम वाटेल. तेव्हा दुसरं काय होतं ते बघायला हवं. कॅसिओची डेटाबँक घड्याळं होती, आपल्याकडेही काही जण ती मिरवत. त्यांच्यात नंबर साठवायचा तर इवल्या बटणांवर नखाने टोचत बसावं लागे. 'कुलकर्णी' लिहीपर्यंत चहा गार व्हायचा. सेकोने १९८४ मध्येच आरसी-१००० नावाचं घड्याळ काढलं होतं, ते कॉम्प्युटरला वायरने जोडता यायचं. पण वायर म्हटली की घड्याळाला जोडणी हवी, म्हणजे पाणी आणि घाम शिरायला वाट. शिवाय कॉम्प्युटरच्या मागे सिरियल पोर्ट, म्हणजे वायरी खुपसायच्या खाचा, असत दोन, त्यातल्या एकात माउस, दुसऱ्यात मोडेम. टेबलाखाली रांगत जाऊन ते कोण काढ-घाल करणार? यूएसबी यायला १९९६ उजाडलं. मॉनिटर मात्र टेबलावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला होताच, आणि तो सीआरटीच होता. ग्राहकाने आणखी काहीही विकत न घेता चालेल अशी दुसरी वाट मला तरी सुचत नाही.

सुरुवातीच्या मॉडेलांची नावं मॉडेल ५०, ७० आणि १५०. साधारण तेवढे फोन नंबर त्यात मावत. मॉडेल १५० मध्ये छोटे प्रोग्रॅम आणि बीपच्या धुनाही त्याच पट्ट्यांवाटे उतरवता येत, म्हणजे घड्याळात ॲप टाकण्याची सोय त्या काळी होती. मायक्रोसॉफ्टने आपल्या शेड्यूल प्लस या डायरीच्या प्रोग्रॅममधून थेट घड्याळाकडे माहिती पाठवायची सोय केली. बिल गेट्स यांच्या मनगटावरही हे घड्याळ असे. याच घराण्यातलं आयर्नमॅन डेटालिंक अमेरिकेच्या नासाने अंतराळप्रवासासाठी मान्य केलं आणि काही अंतराळवीर ते घालून वर जाऊन आले.

आणि मग पडदे बदलले.

लॅपटॉपवर ही युक्ती पहिल्या दिवसापासून चालत नव्हती. लॅपटॉपचा पडदा एलसीडी, आणि एलसीडीत फिरता झोत नसतो. मागे सतत पेटलेला दिवा आणि पुढे लाखो बारीक झडपा, असं त्याचं काम. उघडलेली झडप पुढचा हुकूम येईपर्यंत उघडीच राहते. त्यामुळे पांढऱ्या पट्ट्या आखल्या की त्या सगळ्या एकाच वेळी आणि एकसारख्या उजळतात. आपल्या डोळ्यांना हे जास्त सुखाचं, पण घड्याळाला दिसतो तो नुसता स्थिर उजेड. माळ तुटून सगळे मणी एकदम ओंजळीत पडल्यासारखं. शिवाय या झडपा उघड-मीट करायला काही मिलिसेकंद घेतात. शेकडो मायक्रोसेकंदांचा ठेका त्यांना धरताच येत नाही.

टीव्ही गेमच्या प्लॅस्टिकच्या बंदुकीने बदकं मारलेल्या पिढीला हे दुःख दुसऱ्या बाजूने माहीत आहे. डक हंटची ती बंदूक नव्या सपाट टीव्हीवर एकही बदक पाडत नाही. बंदुकीतून काही बाहेर जात नसे. तिच्या नळीत घड्याळासारखाच एक संवेदक असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि तो उजेड बंदुकीला योग्य क्षणी दिसला तर नेम लागला. सपाट टीव्हीवर तो उजेड अंमळ उशिरा येतो, आणि तिला हवा तसा थरथरता नसतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी टायमेक्सने एक छोटी डबी दिली होती. ती सिरियल पोर्टला लावायची आणि घड्याळ तिच्यासमोर धरायचं. डबीत लाल एलईडी, आणि तो मॉनिटरच्या पट्ट्यांचीच नक्कल करत लुकलुकायचा. वायरशिवाय चालणाऱ्या घड्याळासाठी पुन्हा पोर्टात खुपसायची डबी, यातली गंमत कंपनीलाही कळली असणार. पुढे टेबलांवरचे डबा मॉनिटरही गेले आणि २००३ साली डेटालिंकची यूएसबी आवृत्ती आली. घड्याळात दोष निघाला नव्हता. पडदे चांगले झाले, म्हणून ते मुकं झालं.

यातलं थोडं घरी अनुभवायचं असेल तर एक प्रयोग सांगतो. बागेतल्या बिघडलेल्या सौर दिव्यावरची ऊन झेलणारी छोटी पट्टी (सोलर पॅनेल) काढा आणि तिच्या दोन तारा बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या स्पीकरच्या ऑक्स पिनेला जोडा. (घरातल्या भारी साउंड सिस्टिमला नको, मग बोलणी खाल.) आता टीव्हीचा रिमोट पट्टीवर धरून बटण दाबा. टकटकटक असा आवाज येईल, तो रिमोटच्या अदृश्य प्रकाशातला संदेश. चोकवाली जुनी ट्यूबलाइट गुणगुणते, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. मी हे एकदा कुणाच्या अडगळीत पडलेल्या चालत्या सीआरटी टीव्हीसमोर करून पाहिलं. खर्जातली घरघर ऐकू आली आणि चित्र बदललं की तिचा पोत बदलत होता. बातम्यांची घरघर वेगळी, क्रिकेटची वेगळी.

त्या घरघरीत पुरेशी माहिती असेल तर उलट दिशेने चित्रच का काढू नये? केंब्रिज विद्यापीठातले संशोधक मार्कुस कून यांनी २००२ साली नेमकं हे करून दाखवलं. मॉनिटरकडे बघायचीही गरज नव्हती. मॉनिटरचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, आणि भिंतीवरच्या त्या निळसर थरथरीवर अतिशय संवेदनशील यंत्र रोखून त्यांनी पडद्यावरची अक्षरं वाचता येतील इतपत परत जुळवली. ठिपका कुठल्या क्षणी किती उजळला हे कळलं, की तो त्या क्षणी कुठे होता ते आपोआप कळतं. डेटालिंकने मैत्रीत वापरलेली गोष्ट इथे हेरगिरीची झाली. रात्री ऑफिसच्या खिडकीतून दिसणारा तो लुकलुकता उजेड म्हणजे एका अर्थी उघडी पडलेली फाइलच होती. एलसीडीने घड्याळ मुकं केलं, पण ही खिडकीही बरीचशी बंद केली.

पडद्याच्या उजेडातून माहिती पाठवण्याची कल्पना काही मेली नाही. ती फक्त सावकाश झाली. जर्मनीतल्या बँकांनी इंटरनेटवरून पैसे पाठवणाऱ्या ग्राहकांना हाताच्या पंजात मावेल असं एक यंत्र दिलं. त्यात आपलं बँक कार्ड सरकवायचं आणि यंत्र कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवायचं. तिथे काळ्या-पांढऱ्या पाच चौकटी लुकलुकत असतात. यंत्राच्या पाठीवर पाच संवेदक, एकेका चौकटीवर एकेक. एक चौकट ताल देते, उरलेल्या चार माहिती देतात. इथे फिरत्या झोताचा आधार घेतलेलाच नाही. चौकटी एलसीडीलाही जमेल इतक्या संथपणे उघडझाप करतात, आणि न जमल्यास पडद्यावरच वेग आणखी कमी करता येतो. मग यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर रक्कम आणि खातं उमटतं, ते तपासून पुढचा एकदाच चालणारा क्रमांक मिळतो. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस बसून समोर खोटी रक्कम दाखवत असला, तरी या वेगळ्या यंत्रावर खरी दिसते. यंत्राला इंटरनेट नाही, वायर नाही, त्यामुळे त्याच्यात शिरायला चोराला दारच नाही. टायमेक्सला जी अडचण वाटत होती, ती एकेरी अरुंद वाट इथे सुरक्षा म्हणून कामाला आली.

मनगटावरच्या घड्याळात मात्र दिशा उलटली. ॲपल वॉच पहिल्यांदा आयफोनला जोडताना घड्याळाच्या पडद्यावर कणांचा एक फिरता ढग दिसतो आणि आयफोनचा कॅमेरा तो वाचतो. आता बोलतं घड्याळ आणि बघतो फोन. ओळख पटली की पुढचं काम मुख्यतः ब्लूटूथवर. घड्याळात प्रकाशाचे संवेदक आजही असतातच, पण त्यातल्या एकाची पाठ जगाकडे आणि तोंड आपल्या कातडीकडे. हिरवा एलईडी मनगटावर प्रकाश टाकतो, आतल्या रक्ताच्या चढउताराबरोबर परतणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून नाडी मोजली जाते.

जुनी डेटालिंक घड्याळं बाळगणारी हौशी मंडळी अजून जगभर आहेत. त्यांनी पट्ट्यांची भाषा उकलून मांडून ठेवली आहे. काही जण अडगळीतून सीआरटी शोधून आणतात. बाकीचे अर्डुइनोसारख्या छोट्या सर्किटबोर्डला एक साधा एलईडी जोडतात आणि मॉनिटरचा झोत ज्या चालीने पट्ट्या ओलांडायचा त्याच चालीने तो लुकलुकवतात. घड्याळ त्याच्यासमोर धरलं की ते बीप करू लागतं. त्याच्या हिशेबाने समोर अजूनही तोच कुबडवाला मॉनिटर आहे.